परसात येणारे शिकारी पक्षी कसे ओळखावे?

आमच्या घरामागे परसात शेवगा व कडुलिंब आहे. आईने कोंबड्या पाळल्या आहेत. यंदा एका कोंबडीला नऊ पिल्ले झाली. त्यांतली तीन पक्ष्यांनी नेली. शेजारी म्हणाले, "दिसेल त्या ससाण्याला गलोल मारा." पण आमच्याकडे येणारे सगळे काही ससाणे नाहीत, आणि सगळे पिल्ले नेतही नाहीत. गुरुजींनी पुस्तकातली चित्रे दाखवली. मी महिनाभर बघून वहीत नोंदी केल्या. त्यावरून ही माहिती लिहिते.

१) घार : मोठी, तपकिरी. लांबी सुमारे ६० सें.मी. उंच आकाशात गोल घिरट्या घालते. शेपटीला मधे खाच असते. शेपटी पूर्ण पसरली की खाच दिसत नाही. घाण, मेलेले उंदीर खाते. उघड्यावरचे पिल्लूही उचलते.

२) शिक्रा : कबुतराएवढा. पाठ राखी, पोटावर तांबूस आडव्या रेघा. लहान वयाच्या शिक्र्याची पाठ तपकिरी आणि छातीवर उभे फराटे असतात. शेपटी लांब, पट्ट्यांची. हा पानांत लपून बसतो आणि एकदम झडप घालतो. सरडे, उंदीर, लहान पक्षी खातो. कोंबडीचे पिल्लूही नेतो. तो आला की खारी चिरकतात आणि साळुंक्या कलकलाट करतात. तेव्हा झाडात नीट बघावे.

३) कापशी : पांढरी व राखी. खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. विजेच्या तारेवर बसते. शेतावर एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबते, मग खाली उतरते. मुख्य खाणे उंदीर आणि टोळ.

४) पावशा : हा शिकारी नव्हेच! रंगाने शिक्र्यासारखा दिसतो म्हणून माणसे फसतात. शिक्र्याची चोच आकड्यासारखी वाकडी असते, याची तशी नसते. हा अळ्या, सुरवंट खातो. पावसाळ्याच्या तोंडावर "पेर्ते व्हा" ओरडतो तो हाच.

आता विचार करा. शिक्रा पानांत लपतो आणि कापशी उघड्या तारेवर बसते. मग गलोलीचा दगड कुणाला लागेल? कापशीलाच. म्हणजे शेतातले उंदीर खाणारी मरेल, आणि पिल्ले जायची ती जातीलच.

शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे हे पक्षी मारणे गुन्हा आहे.

त्यापेक्षा पिल्ले लहान असेपर्यंत डालग्याखाली ठेवावीत. सोडली तर जवळ कुणीतरी बसावे. आई आता असेच करते. उरलेली सहाही पिल्ले चांगली मोठी झाली आहेत.

मुलांनो, पक्षी दिसला की आधी आकार, शेपूट आणि पोटावरच्या रेघा बघा. पालकांनीही आधी ओळखावे. दगड मात्र कुणीच उचलू नये.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी