एलीया एकटा नव्हता

वाचन : 1 राजे 19:1-18

प्रियांनो, तुमचे मन चिंतेने भरले आहे का? आपले दुःख जाणणारे कोणीच नाही, असे वाटते का? देवाचा संदेष्टा एलीया याच अवस्थेतून गेला. ईजबेल राणीने त्याला जिवे मारण्याची धमकी दिली. तो घाबरून पळाला. बैरशेबा येथे सेवकाला ठेवून तो एकटाच रानात गेला आणि एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले.

देवाने त्याला दोष दिला नाही. आधी झोप दिली, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, तेही दोनदा. त्या बळावर 40 दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोहोचला. तेथे वारा, भूकंप व अग्नी यांत परमेश्वर नव्हता. त्यानंतर मंद वाणी ऐकू आली.

आपण एकटेच उरलो, अशी तक्रार एलीयाने दोनदा केली. देवाने ती ऐकून घेतली, त्याला नवे काम आणि अलीशासारखा सोबती दिला. इस्राएलात आणखी 7,000 जण विश्वासू आहेत, हेही सांगितले. एलीयाचे दुःख खरे होते, पण तो एकटा नव्हता.

म्हणून आज जेवण व विश्रांती टाळू नका. मनातली भीती आहे तशी प्रभूला सांगा आणि थोडा वेळ शांत बसा. मग एखाद्या विश्वासी बहिणीला किंवा भावाला फोन करून प्रार्थनेची विनंती करा. कदाचित तेही एकटेच असतील.

प्रार्थना : प्रभू येशू, माझ्या भीतीत तू माझ्याजवळ आहेस. तुझी शांती मला दे. आमेन.