खेकडा बांधायचाय ना? मग आधी चाकं

अगं छोटी, लेगोच्या ठोकळ्यांचं रेल्वे इंजिन बांधायचं म्हणतेस आणि पुढच्याच वाक्यात 'लोक काय म्हणतील' हेही विचारतेस. तेवढं आधी सोडून दे. नोकरी, घर सांभाळून संध्याकाळी तासभर कुणी विणतं, कुणी रांगोळी काढतं, तू इंजिन बांधशील. त्यासाठी कुणाची परवानगी मागू नकोस, आणि मुलीला शिकवायचं म्हणून करतेय असं निमित्तही सांगू नकोस. तुला आवडतं, एवढं कारण पुरे.

कोणतं इंजिन घेऊ म्हणून विचारलंस. माझं ऐक, आपला घाटातला खेकडा घे. 1925 साली मुंबई-कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली, आणि पाठोपाठ 1928 पासून भोर आणि थळ घाटात मालगाड्या ओढायला ही इंजिनं आली. जीआयपी रेल्वेत त्यांचा वर्ग ईएफ-1, पुढे डब्ल्यूसीजी-1. रेल्वेतली माणसं त्यांना खेकडा म्हणत. स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गावरच्या प्रसिद्ध 'क्रोकोडाइल' इंजिनाची ही भावंडं. त्या स्विस इंजिनाचा संच लेगोनं 2020 मध्ये काढला होता. तो मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तर त्याचे फोटो बघ. सांधे कसे जोडलेत, ते त्यात कळतं.

खेकडाच का, तेही सांगते. या इंजिनाचं अंग तीन भागांचं आहे. मधे केबिन, पुढे-मागे दोन लांबट नाकं, आणि ती नाकं आपापल्या चाकांबरोबर वळतात. घाटातली वळणं घ्यायला ही रचना सोयीची. लेगोचं वळण तर घाटापेक्षा कितीतरी तीव्र. सोळा वक्र तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होतं आणि त्याची त्रिज्या जेमतेम 32 सेंटिमीटर. एकसंध लांब इंजिन तिथे अडतं किंवा रुळाबाहेर फार झुकतं. खेकडा मात्र वळतो. म्हणजे खऱ्या इंजिनाची युक्तीच तुझी अडचण सोडवते.

आता मुख्य गोष्ट. सगळ्यांना आधी इंजिनाचं तोंड बांधायचं असतं. तू चाकांपासून सुरू कर. खेकड्याला दोन्हीकडे तीन-तीन मोठ्या चाकांच्या जोड्या, दांड्यांनी जोडलेल्या. मधल्या जोडीला बिनकडेची चाकं लाव, नाहीतर वळणावर ती रुळाला घासतील. एका बाजूचा दांडा दुसऱ्या बाजूच्या दांड्यापेक्षा पाव फेरी पुढे ठेव. दोन्ही एकाच वेळी सरळ रेषेत आले की चाकं अडकतात, आणि खऱ्या इंजिनातही दांडे याच कारणासाठी असे बसवतात. ही दोन चाकगाड्यांची जोडी नुसतीच, वर काहीही न बांधता, वर्तुळावर हाताने फिरवून बघ. ती बिनघोर फिरली की मगच वर चढ.

मापाचा हिशोबही साधा आहे. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर साधारण साडेसदतीस मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजचं 1676. म्हणजे जवळजवळ 45 पट. ठोकळ्यावरच्या एका खुंटीपासून दुसरीपर्यंत आठ मिलिमीटर. इंजिनामागे डबा जोडायचा असेल, तर आपला प्रवासी गाडीचा निळा आयसीएफ डबा सव्वातीन मीटर रुंद, तो या प्रमाणात नऊ खुंट्यांचा होतो. लांबी मात्र 59 खुंट्या, आणि ती त्या वळणावर चालणार नाही. म्हणून डबा चाळीसच्या आसपास आखूड कर, पण खिडक्या अरुंद करू नकोस. संख्या कमी कर, आकार तोच ठेव. खिडकी बरोबर असली की डोळा डबा ओळखतो.

बारकाव्यांसाठी एक गणित पाठ कर: पाच प्लेटची (पातळ ठोकळ्यांची) जाडी म्हणजे दोन खुंट्यांची रुंदी, दोन्ही सोळा मिलिमीटर. त्यामुळे ठोकळे आडवे लावूनही मोजमाप जुळतं. खेकड्याच्या बाजूच्या जाळ्या, पायऱ्या, दिवे यातूनच येतील. पण सगळेच खिळे दाखवायच्या मागे लागू नकोस. दोन हात दूर उभी राहून ओळखू येतं तेच ठेव, बाकी सोड.

पैशाचं सांगते, कारण तुला तेच विचारायचा संकोच वाटतो. आधी कॉम्प्युटरवर 'स्टुडिओ' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये इंजिन बांध. तिथे चूक दुरुस्त करायला पैसा लागत नाही. मात्र पडद्यावर कुठलाही तुकडा कुठल्याही रंगात दिसू शकतो, प्रत्यक्षात तो त्या रंगात कधी निघालेलाच नसेल. खरेदीची यादी करण्यापूर्वी एकेक तुकडा तपास. आतला न दिसणारा भाग घरच्या जुन्या, रंगीबेरंगी तुकड्यांनी भर. मोटर शेवटी घे, आणि ती असेल तिथे वजन राहू दे, म्हणजे चाकं जागच्या जागी घसरणार नाहीत. तयार इंजिन खिडकीतल्या उन्हात ठेवू नकोस, प्लास्टिक पिवळं पडतं.

आणि बांधायला बसण्यापूर्वी एकदा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जाऊन खरा खेकडा बघून ये. तिथे तो जपून ठेवला आहे. बाजूने, समोरून, वाकून खालून बघ, दांडे कुठे जोडलेत ते वहीत काढ. मुलीलाही ने. आपल्या घाटातून ज्या यंत्रांनी ओझी वाहिली त्यांची ओळख पुढच्या पिढीला आपण नाही करून दिली तर कोण देणार? तिकिटं काढ, आणि आल्यावर पहिला फोन मला कर.