संगणकाच्या सुट्या भागांची महागाई

ज्या पालकांनीं २०२५ च्या अखेरीस मुलांसाठीं संगणक घेण्याचें मनांत आणिलें, त्यांस मेमरीचे, म्हणजे रॅमचे, भाव ऐकून विस्मय वाटला असेल. कित्येक घरीं ती खरेदी लांबणीवरहि पडली. दुकानदाराचा लोभ हें याचें कारण सांगण्यांत येतें. पण तें फार तर एक लहानसें कारण होय.

कांद्याचे भाव पडले कीं शेतकरी पुढील हंगामांत लागवड कमी करितो आणि मग भाव कडाडतात, हें लासलगांवचा बाजार जाणणारांस सांगावयास नको. मेमरीचा धंदाहि असाच आहे. २०२२-२३ च्या सुमारास मालास उठाव नव्हता, भाव कोसळले; तेव्हां कारखानदारांनीं उत्पादन कमी केलें. जगांतील बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीनच कंपन्या करितात. त्यांनीं हात आंखडला कीं सर्वत्र टंचाई भासते. कांदा चार-पांच महिन्यांत येतो. येथें मात्र नवा कारखाना चालू होण्यास दोन-तीन वर्षें व अब्जावधि डॉलर लागतात.

त्यांतच कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं उभारलेल्या प्रचंड संगणकगृहांची मागणी आली. त्यांस लागणारी खास मेमरी चिपांवर चिपा रचून केलेली असते, आणि तितक्याच साठवणीस तिला साध्या मेमरीच्या सुमारें तिप्पट सिलिकॉन लागतें. नफा तिकडे अधिक. तेव्हां ज्या चकत्यांवर चिपा कोरतात त्या चकत्याहि तिकडेच वळल्या. डिसेंबर २०२५ मध्यें तर मायक्रॉननें सामान्य ग्राहकांसाठीं चालविलेला 'क्रूशियल' हा आपला व्यापार बंद करीत असल्याचें जाहीर केलें.

कधीं आपत्तीहि ओढवते. २०११ सालीं थायलंडांत महापूर येऊन अयुथ्या प्रांतांतील कारखाने पाण्याखालीं गेले. हार्ड डिस्कचें पुष्कळसें उत्पादन त्या देशांत एकवटलें असल्यामुळें जगभर भाव चढले. गोदामांत पूर्वींच येऊन पडलेल्या डिस्कहि महागल्या, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. कारण व्यापारी किंमत ठरवितो ती पुढील माल काय भावानें मिळेल हें पाहून. लोभास जागा आहे ती येथें.

आपल्याकडे हे भाग बहुधा परदेशांतून डॉलर देऊन आणावे लागतात. डिसेंबर २०२५ मध्यें डॉलरचा भाव प्रथमच ९० रुपयांच्या वर गेला. शिवाय मूळ किंमत वाढली कीं तीवरील १८ टक्के कराची रक्कमहि वाढते. गुजराथेंत साणंद येथें मायक्रॉनच्या कारखान्याची पायाभरणी २०२३ सालीं झाली खरी. परंतु तो चिपांची जोडणी व तपासणी यांसाठीं आहे. कोरलेल्या चकत्या परदेशांतूनच यावयाच्या.