जाहिरातीतला शेतकरी आणि गावातला शेतकरी
(सांख्यिकी व प्रसारमाध्यमे : एक अभ्यास-लेख)

प्रास्ताविक

दरवर्षी मृग नक्षत्राच्या आधी महिना-दोन महिने परभणी जिल्ह्यातील रस्त्यांवर बियाण्यांच्या जाहिराती दिसू लागतात. मानवत, सेलू, पाथरी, गंगाखेड, जिंतूर, कोणत्याही रस्त्याने जा, घरांच्या भिंती रंगलेल्या असतात. कृषी सेवा केंद्रात कॅलेंडर लटकलेले असते, आणि अलीकडे मोबाइलवरील चित्रफितींतही तेच चित्र असते. बोंडांनी लगडलेले झाड, त्याच्याशेजारी फेटा बांधलेला हसरा शेतकरी आणि खाली 'एकरी इतके क्विंटल' असा मोठा आकडा. हा आकडा पाहून आपल्यातील अनेक बांधव उधारीवर बियाण्याच्या पिशव्या उचलतात. हंगाम संपल्यावर हाती आलेला कापूस त्या आकड्याच्या अर्ध्यावरही जात नाही. मग माणूस स्वतःलाच दोष देतो की, आपलेच काहीतरी चुकले असावे.

आमच्या विद्यार्थ्यांना सरासरी काढता येते, प्रमाण विचलनाचे सूत्रही पाठ असते. पण हे ज्ञान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतच राहते. दुकानाच्या पायरीवर ते आठवत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात जाहिरात आणि सांख्यिकी हे दोन विषय आम्ही मुद्दाम एकत्र घेतले आहेत. जाहिरातीला फसवण्यासाठी खोटे बोलावेच लागते असे नाही, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन

प्रथम एक सोपे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका गावातील नऊ शेतकऱ्यांना कापसाचे एकरी उत्पन्न ३, ४, ४, ५, ५, ५, ६, ६ आणि ७ क्विंटल झाले. एकूण ४५, म्हणून सरासरी ५ क्विंटल. आकडे चढत्या क्रमाने मांडले तर मधला आकडाही ५ येतो. त्यास मध्यक म्हणतात.

परंतु केवळ सरासरीने भागत नाही. आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत, हेही कळले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक घ्यावा, त्याचा वर्ग करावा, वर्गांची सरासरी काढावी आणि तिचे वर्गमूळ घ्यावे. वरील उदाहरणात वर्गांची बेरीज १२ येते. तिला ९ ने भागून वर्गमूळ घेतल्यास सुमारे १.१५ क्विंटल येते. हेच प्रमाण विचलन. याचा सरळ अर्थ असा की, या गावचा शेतकरी साधारणपणे पाचाच्या एक-सव्वा क्विंटल इकडे-तिकडे असतो.

आता त्याच गावात दहावा शेतकरी आला. त्याची जमीन खोल काळी, विहिरीला भरपूर पाणी, ठिबक संच बसवलेला. त्यास १५ क्विंटल झाले. गावाची सरासरी एकदम ६ झाली. मध्यक मात्र ५ च राहिला. म्हणजे दहापैकी सहा जण आता 'सरासरीपेक्षा कमी' ठरले, आणि त्यांच्या शेतात तर एका बोंडाचाही फरक पडलेला नाही! एका टोकाच्या आकड्याने सरासरी ओढली जाते, मध्यक ओढला जात नाही. उत्पन्न, मजुरी, जमीनधारणा यांविषयीचे आकडे वाचताना हा भेद कायम लक्षात ठेवावा.

प्रसामान्य वितरण

शेकडो-हजारो माणसांची उंची मोजून आलेख काढला, तर तो मध्यभागी उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता, घंटेच्या आकाराचा येतो. यास प्रसामान्य वितरण म्हणतात. दे म्वाव्ह्र या गणितज्ञाने १७३३ मध्ये त्याची मांडणी केली. पुढे गाउस याने खगोलशास्त्रीय मोजमापांतील चुकांसाठी ते वापरले. बेल्जियमच्या केतले याने १८३५ साली हीच पद्धत माणसांना लावून 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली.

या वक्राचा नियम पाठ करण्यासारखा आहे. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन एवढ्या पट्ट्यात सुमारे ६८ टक्के, दोन विचलनांच्या पट्ट्यात सुमारे ९५ टक्के आणि तीन विचलनांच्या पट्ट्यात सुमारे ९९.७ टक्के निरीक्षणे येतात. सरासरीच्या वर तीन विचलनांच्याही पलीकडे दहा हजारांत अवघे तेरा-चौदा उरतात.

आता हा नियम भिंतीवरच्या चित्राला लावू. समजा, एका वाणाचे बियाणे एक लाख शेतकऱ्यांनी पेरले. सरासरी उत्पन्न ५ क्विंटल आणि प्रमाण विचलन दीड क्विंटल. तर साडेतीन ते साडेसहा क्विंटलच्या दरम्यान सुमारे ६८ हजार शेतकरी असतील. आठ क्विंटलच्या वर सुमारे २,३०० असतील. साडेनऊच्या वर सुमारे १३५ असतील. कॅलेंडरला फोटो किती लागतात? बारा! म्हणजे ते वाण इतर वाणांपेक्षा तसूभरही सरस नसले, तरी केवळ खरेदीदारांची संख्या मोठी आहे म्हणून विक्रमी उत्पन्नाचे शंभराहून अधिक शेतकरी मिळणारच. फोटो खरा, शेतकरी खरा, आकडाही खरा; त्यातून आपण काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा. वक्राच्या उजव्या टोकाचा माणूस आणून मधल्या माणसाला 'हा तूच' असे सांगितले जाते. उजव्या टोकाएवढीच माणसे डाव्या टोकालाही असतात. त्यांचा फोटो मात्र कोणी काढीत नाही.

दुसरी गोष्ट, हा फोटो एकाच वर्षाचा असतो. ज्याला यंदा विक्रमी उत्पन्न झाले त्याच्या यशात कष्टांबरोबर वेळेवर पडलेल्या पावसाचाही वाटा असतो. पुढील वर्षी असा शेतकरी बहुधा सरासरीकडे सरकलेला आढळतो. फ्रान्सिस गाल्टन याने एकोणिसाव्या शतकात उंचीच्या अभ्यासातून हे दाखवून दिले.

माध्यमे काय करतात?

अर्थशास्त्रज्ञ गालब्रेथ यांनी १९५८ मध्ये असे प्रतिपादन केले की, आधुनिक समाजात वस्तूबरोबर तिची गरजही तयार केली जाते. जाहिरात प्रथम उणीव निर्माण करते आणि मग तिच्यावरचा उपाय विकते. वक्राच्या भाषेत बोलायचे तर मध्यभागी उभ्या असलेल्या, काहीही न चुकलेल्या माणसाला 'तू मागे पडलास' असे वाटायला लावणे, हाच तो व्यापार होय.

लाझर्सफेल्ड आणि कॅट्झ यांनी १९५५ च्या ग्रंथात आणखी एक गोष्ट मांडली. माध्यमांचा संदेश थेट सर्वांपर्यंत पोहोचत नाही. तो आधी वजनदार व्यक्तींकडे जातो आणि त्यांच्या तोंडून इतरांकडे येतो. आपल्याकडे ही वजनदार व्यक्ती म्हणजे कृषी सेवा केंद्राचा दुकानदार किंवा गावातील मोठा बागायतदार. उधारीही तोच देतो आणि सल्लाही तोच देतो, तेव्हा सल्ला तपासण्यास जागा उरत नाही.

जाहिरात बातमीच्या वेषात आली म्हणजे ती ओळखणे अधिकच कठीण होते. बीटी कापसाला आपल्या देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००८ साली एका मोठ्या इंग्रजी दैनिकात यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव या गावांत बीटी कापसाने सुबत्ता आल्याचा वृत्तान्त छापून आला. २०११ साली तोच मजकूर पुन्हा आला, या वेळी विपणनाचा मजकूर म्हणून. तशी सूचना बारीक अक्षरांत होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१२ मध्ये हे प्रकरण उघड केले. त्याच वर्षी संसदेची कृषीविषयक स्थायी समिती तेथे गेली, तेव्हा गावकऱ्यांनी कर्ज, नुकसान आणि आत्महत्या यांविषयी सांगितले. पुढे २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील बीटी कापसाचे मोठे नुकसान केले, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

खरी परीक्षा कशी होते?

मग वाण चांगले की वाईट हे ठरवायचे कसे? परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून येथे आहे. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर नवे वाण जुन्या वाणाच्या शेजारी, एकाच जमिनीत, अनेक तुकड्यांत पेरले जाते. कोणता तुकडा कोणाला, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते. शेवटी सर्व तुकड्यांची सरासरी घेऊन, दिसलेला फरक केवळ योगायोगाचा नाही ना, हे तपासले जाते. या पद्धतीवरील देशभर वापरला गेलेला ग्रंथ दोन मराठी माणसांनी लिहिला, याचा विद्यार्थ्यांनी अभिमान बाळगावा. डॉ. व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे ते दोघे. यादृच्छिक नमुना निवडून प्रत्यक्ष पीक कापून मोजण्याची पद्धत आपल्या देशात रुजवण्यातही या दोघांचा मोठा वाटा आहे.

सरासरीचीही मर्यादा

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक आलेख घंटेसारखा येत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालची शेती आणि जिंतूरच्या डोंगराळ भागातील हलकी कोरडवाहू जमीन एकत्र मोजली, तर आलेखाला दोन उंचवटे येऊ शकतात, आणि जी सरासरी निघेल ती दोघांपैकी एकाचीही नसेल. दुष्काळाच्या वर्षी बहुतेक आकडे डावीकडे गोळा होतात.

पीक विम्याचा अनुभवही असाच आहे. तेथे महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांची सरासरी उंबरठा उत्पादनाशी ताडून पाहतात. ज्याचे एकट्याचे शेत बुडाले त्याचे नुकसान मंडळाच्या सरासरीत हरवून जाऊ शकते. जाहिरात केवळ टोक पाहते, विमा केवळ सरासरी पाहतो. शेतकऱ्याला मात्र आपल्या स्वतःच्या आकड्यावर संसार चालवावा लागतो. म्हणून टोक, सरासरी आणि आपली जागा या तिन्ही गोष्टी ज्यास ओळखता येतात, त्यासच सांख्यिकी आली असे आम्ही समजतो.

विद्यार्थी मित्रांसाठी

शेती नसलेल्या कुटुंबांनीही हा विषय आपला नाही असे समजू नये. शिकवणी वर्गांच्या फलकांवर गुणवंतांचे फोटो असतात. प्रवेश घेतलेले एकूण किती आणि त्यांचा मध्यक किती, हे कोठेच नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणी वर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याने नेमका कोणता अभ्यासक्रम घेतला होता हे त्यानुसार सांगावे लागते. मजुरीच्या पैशातून शुल्क भरणाऱ्या आईबापांना ही माहिती मागण्याचा अधिकार आहे.

बियाण्याच्या बाबतीत भिंत वाचण्याऐवजी पिशवीवरील लेबल वाचावे. त्यावर उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख व मुदत असते. एकरी उत्पन्नाची हमी नसते. पावती, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. तक्रारीच्या वेळी हाच पुरावा होय.

विक्रमी उत्पन्न काढणाऱ्या शेतकऱ्याचा आम्हास आदरच आहे. त्याच्याकडून जरूर शिकावे. मात्र त्याचे पाणी, त्याची जमीन आणि त्याचे भांडवल किती, हे आधी विचारावे. आणि आपल्या शेतात पाच क्विंटल झाले म्हणून मान खाली घालू नये. वक्राच्या मध्यभागी असणे हा अपराध नव्हे. आपल्या गावचे बहुतेक लोक तेथेच उभे आहेत.

अभ्यासासाठी प्रश्न

१) आपल्या गल्लीतील किंवा गावातील वीस शेतकऱ्यांचे यंदाचे एकरी उत्पन्न विचारून सरासरी, मध्यक व प्रमाण विचलन काढा. बागायत व कोरडवाहू वेगळे मांडा.
२) गावातील एका जाहिरातीतील आकडा घ्या. तो आपल्या सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे?
३) एका वृत्तपत्राचे एक पान घेऊन बातमी, जाहिरात आणि बातमीच्या वेषातील जाहिरात वेगळ्या रंगांनी दाखवा.
४) काढलेले आकडे मृगापूर्वी गावाच्या सभेत मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहा व घरच्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगा.