गावाची वाट आणि शहराचा रस्ता : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

गावाचा नकाशा काढून घेण्याचा पाठ प्राथमिक शाळेत बहुतेक शिक्षक घेतात. देऊळ, चावडी, विहीर, शाळा ही स्थळे कागदावर उमटली आणि उत्तर दिशेचा बाण काढला की पाठ संपला, असे समजण्यात येते. स्थळांना जोडणाऱ्या रेषांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वास्तविक घर पडते, नवे उभे राहते, विहीर बुजते. परंतु रस्त्याची रेषा सहसा हलत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या मिळकतींच्या हद्दी तिच्याशी निगडित झालेल्या असतात. म्हणून वस्ती वाढत असताना तिचे रस्ते एकमेकांस मिळाले की तुटक राहिले, याचे फळ पुढील अनेक पिढ्यांस भोगावे लागते.

पुणे व त्याचा परिसर हे याचे बोलके उदाहरण होय. मुठेच्या काठी कसब्याभोवती एकेक पेठ वसत गेली आणि पेशवाईत शुक्रवार, सदाशिव, नारायण, भवानी इत्यादी पेठांची भर पडली. पेठांतील मुख्य रस्ते बव्हंशी दक्षिणोत्तर किंवा पूर्वपश्चिम असून ठिकठिकाणी एकमेकांस छेदतात. ते अरुंद आहेत आणि काही बोळ पुढे बंदही आहेत. तरीही एक वाट अडली तर पायी जाणाऱ्यास दुसरी लगेच सापडते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे कोसळली. पुढे तेथे नव्या इमारती झाल्या, पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतीही वसल्या. परंतु जुन्या पेठांतील रस्त्यांच्या रेषा बहुतांशी होत्या तेथेच राहिल्या.

नदीपलीकडील भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, निराळ्या रीतीने वाढले. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमान्वये तेथे योजना झाली. अशा योजनेत अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी प्रथम कागदावर एकत्र करावयाच्या, त्यांतून रस्ते आखावयाचे आणि मग प्रत्येकास त्याच्या हिश्शाच्या मानाने नव्या आकाराचा भूखंड परत द्यावयाचा, अशी पद्धत असते. प्रत्येकाची थोडी जमीन जाते, पण प्रत्येकाच्या दारी रस्ता येतो. काम वेळखाऊ आणि तंटे-तक्रारींचे खरे. तथापि रस्ते आधी व घरे मागून, हा क्रम तेथे पाळला जातो.

पुढे हा क्रम उलटला. १९५० मध्ये पुण्यास महानगरपालिका झाली, १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि भोवतालच्या गावांत वस्ती पसरू लागली. २०११ च्या जनगणनेत पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर व पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली; परंतु हद्द येण्यापूर्वीच वस्ती पोहोचलेली होती. शेताच्या लांबट पट्टीचा मालक गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकतो आणि आपल्याच पट्टीतून मोठ्या रस्त्यापासून बांधापर्यंत एक गल्ली काढतो. शेजारीही तसेच करतो. बांधापाशी दोन्ही गल्ल्या थांबतात. कारण दुसऱ्याच्या गल्लीसाठी आपले अर्धा गुंठाही कोणी सोडीत नाही. फणीच्या दात्यांसारख्या अशा गल्ल्यांची सर्व रहदारी मग त्या एकाच मोठ्या रस्त्यावर लोटते. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशा बांधकामांस नियमित होण्याची वाट मिळाली; न काढलेला रस्ता मात्र त्यामुळे निर्माण झाला नाही.

अमेरिकेत असे बंद टोकाचे रस्ते हेतुपुरस्सर आखण्यात आले. न्यू जर्सीतील रॅडबर्न ही १९२९ ची वसाहत त्याचा प्रसिद्ध नमुना होय; मोटारींपासून मुलांचे रक्षण व्हावे, हा तेथील हेतू होता आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटाही ठेवल्या होत्या. पुढील अनुकरणात बंद टोके राहिली, पायवाटा बहुधा गळल्या. तेथील नव्या रस्त्यांची परस्परांशी जोडणी १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत घटत गेली व त्यानंतर सुधारू लागली, असे संशोधकांस आढळले आहे. आपल्याकडील बंद टोके मात्र कोणीच आखलेली नाहीत.

वर्गात हा विषय मोजणीने शिकवावा. ज्या ठिकाणी चार रस्ते मिळतात त्या चौकास ४, तिठ्यास ३ आणि बंद टोकास १ असे गुण देऊन सरासरी काढावी. नुसते वळण मोजू नये. एका रस्त्याला सहा बंद गल्ल्या असतील तर सहा तिठे व सहा टोके मिळून २४ गुण होतात आणि १२ ठिकाणांची सरासरी २ येते. आता सहाही गल्ल्यांची टोके जोडणारा एकच आडवा रस्ता फळ्यावर काढावा. दोन कडांना वळणे होतात, मधल्या चार टोकांचे तिठे होतात. दहा तिठे आणि सरासरी ३. गल्ल्या २०० पावले लांब व एकमेकींपासून ६० पावलांवर आहेत असे धरल्यास, लगतच्या दोन गल्ल्यांच्या टोकांशी राहणाऱ्या मित्रांस एकमेकांकडे जाण्यास पूर्वी ४६० पावले चालावे लागे, आता ६० पुरतात. हे गणित मुलांनी प्रत्यक्ष चालून पडताळावे.

यानंतर मुलांस गावनकाशा दाखवावा. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने व पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखविलेली असते. शेतात जाण्याच्या वहिवाटी मात्र बहुधा दाखविलेल्या नसतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदारांस आहे. परंतु पट्टी विकली जाऊन कुंपण पडल्यावर जुनी वाट कोठे होती, हे सांगणारे फार थोडे उरतात. मुले या वाटांनी रोज शाळेस येतात. कोणती वाट कोणत्या बांधावरून जाते, पावसाळ्यात कोठे अडते, कोठे नव्याने कुंपण झाले, हे त्यांच्याकडून विचारून एका मोठ्या कागदावर काढावे, खाली तारीख घालावी आणि तो कागद शाळेच्या दप्तरी ठेवावा. पुढील वर्षी त्याच वर्गाने तोच नकाशा पुन्हा काढून दोहोंची तुलना करावी.