जुन्या विज्ञानपटांतला संगणक

नोकरी संगणक विभागात झाली आणि विज्ञानपटांचं वेड कॉलेजपासूनचं. दोन्हींतून पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. पडद्यातल्या पडद्यावर विसंबू नये. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधल्या (१९६८) यानात संगणकाच्या म्हणून ज्या आकृत्या झळकतात, त्या संगणकाने काढलेल्या नाहीत, हाताने घडवलेली फिल्म मागून प्रोजेक्टरने टाकली आहे. पण शेवटी यानाचा संगणक हॅल जे ‘डेझी बेल’ गातो, ते १९६१ साली बेल लॅब्जमध्ये आयबीएम ७०४ ने खरोखर गायलं होतं. चित्रपटाचे सहलेखक आर्थर क्लार्क यांनी ते तिथे ऐकलं होतं.

२. ‘टर्मिनेटर’च्या (१९८४) यंत्रमानवाच्या लाल नजरेतल्या ओळी चित्र थांबवून वाचाव्यात. ती ६५०२ प्रोसेसरची असेंब्ली भाषा आहे, अ‍ॅपल टू ज्यावर चालायचा तोच प्रोसेसर.

३. माणसं कशी वागतात ते बघावं. खरेपणा तिथे सापडतो. ‘वॉरगेम्स’मधला (१९८३) मुलगा फोनचा रिसीव्हर मोडेमवर ठेवतो आणि प्रोग्रॅमला एकामागून एक नंबर फिरवायला लावतो. असे नंबर तेव्हा खरोखर फिरवले जात. शाळेच्या संगणकाचा पासवर्ड तर त्याला ऑफिसातल्या टेबलापाशी लिहिलेलाच मिळतो: जुने शब्द खोडलेले, शेवटचा तेवढा शाबूत. कीबोर्डखाली चिकटवलेल्या अशा चिठ्ठ्या मी किती ठिकाणी बघितल्या! चित्रपटातला अणुहल्ल्याचा खोटा इशाराही हवेतून आलेला नाही. सरावासाठीचा डेटा खऱ्या यंत्रणेत शिरल्याने ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिका-कॅनडाच्या नोरॅड या हवाई संरक्षण यंत्रणेत तसा इशारा वाजला होता. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी हा चित्रपट पाहून ‘असं होऊ शकतं का?’ अशी चौकशी केली आणि १९८४ मध्ये संगणक-सुरक्षेचा अध्यक्षीय आदेश निघाला. एवढं काम दुसऱ्या कुठल्या विज्ञानपटाने केल्याचं मला माहीत नाही.

४. ‘ज्युरासिक पार्क’मधल्या (१९९३) त्रिमितीय फायलींना लोक हसतात. तो सिलिकॉन ग्राफिक्सचा खराखुरा प्रोग्रॅम होता. मला जास्त पटतं ते वेगळंच: अख्ख्या उद्यानाची यंत्रणा पगारावरून धुसफुसणाऱ्या एकट्या नेड्री या प्रोग्रॅमरच्या हातात, आणि तो गेल्यावर कुणालाच काही उलगडत नाही. मग नाइलाजाने सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं ठरतं. बंद लगेच होतं. चालू करताना मात्र ब्रेकर पडलेले असतात, ते उचलायला कुणाला तरी अंधारात चालत जावं लागतं, आणि तोवर रॅप्टर डायनासोरांच्या कुंपणाची वीजही गेलेली असते.