पहिल्या युरोच्या आधी

जव्हार

चि. सौ. राणीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तू वारली शैलीत रंगवलेल्या कार्डांचे फोटो मिळाले. हात चांगला बसलाय. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर मोकळा आलाय, गर्दी नाही. शेजारणींनी कार्डं विकत मागितली, म्हणून आता तिकडे जर्मनीत नाताळच्या बाजारात टेबल लावावं आणि जव्हार-मोखाड्याहून मुखवटे, कापडावरची चित्रं मागवावीत असं तुझ्या मनात आहे. जरूर कर. पण माझा जन्म विक्रीकर खात्यात गेला. आशीर्वादाच्या पाठोपाठ कागद मागायची सवय आता सुटायची नाही.

सगळ्यात आधी तुझ्या राहण्याच्या परवान्याचं कार्ड काढ. त्यावर किंवा सोबतच्या पुरवणी कागदावर कामाबद्दल एक ओळ असते. 'एर्वेर्ब्सटेटिग्काइट'ची मुभा असेल तर नोकरी आणि स्वतःचा धंदा, दोन्ही चालतं. नुसती 'बेशेफ्टिगुंग'ची असेल तर फक्त नोकरी. धंद्यासाठी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. जावईबापू ब्लू कार्डावर आणि तू पत्नी म्हणून गेलेली, तेव्हा तुझ्या कार्डावर बहुतेक पहिलीच ओळ असणार. पण 'बहुतेक'वर विसंबू नकोस, स्वतः वाच. तिकडे शिकायला आलेल्या एखाद्या मैत्रिणीला मात्र भागीदार करू नकोस. विद्यार्थ्याच्या परवान्यावर स्वतंत्र धंदा आपोआप चालत नाही. अमेरिकेत तर एच-4 व्हिसावर गेलेल्या बायकोला कामाचा वेगळा परवाना मिळेपर्यंत घरच्या घरी डबे करून विकणंही नियमबाह्य ठरतं. त्या मानानं तुझी वाट सरळ आहे. तिथल्या नागरिकानं कागदात हयगय केली तर तो दंड भरून सुटतो. परक्या माणसाच्या परवान्याचं मात्र पुढचं नूतनीकरण अडू शकतं. "छंदच तर आहे, त्यात काय" हे वाक्य तिथल्या नागरिकाला परवडतं, तुला नाही.

मग नोंदणी. स्वतःची चित्रं काढून विकणारा तिकडे कलावंत म्हणून थेट कर कार्यालयाकडे नोंद करू शकतो. दुसऱ्याचा माल आणून विकणं म्हणजे सरळ व्यापार, त्याची नोंद नगरपालिकेच्या व्यवसाय कार्यालयात करावी लागते. तू दोन्ही करणार, म्हणून व्यापाराची नोंद आधी कर. त्याची फी किरकोळ असते. छोट्या धंद्याला मूल्यवर्धित करातून सवलत आहे. 2025 पासून तिची मर्यादा आदल्या वर्षी 25,000 युरोंची उलाढाल अशी आहे. तू त्याच्या कितीतरी आत राहशील. ग्राहकाकडून कर घ्यायचा नाही आणि सरकारात भरायचाही नाही. मात्र या सवलतीची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, ती मी सांगतो: माल आयात करताना जो कर तू भरशील, तो तुला परत मागता येत नाही. म्हणून तो पहिल्या दिवसापासून किमतीत धर, नाहीतर विक्री जोरात आणि गल्ला रिकामा अशी गत होईल. शिवाय वर्षानुवर्षं तोटाच दाखवलास तर कर कार्यालय म्हणेल की हा धंदा नाही, हौस आहे, आणि तो तोटा मान्य करणार नाही.

आरोग्य विमाही पाहा. जावईबापूंच्या सरकारी विम्यात तू त्यांच्या नावाखाली फुकट असशील तर तुझ्या मिळकतीला मर्यादा आहे. 2025 साली ती महिन्याला 535 युरो होती, दरवर्षी बदलते. ती ओलांडलीस की विम्याचा हप्ता तुझ्या डोक्यावर. पार्सलनं माल पाठवणार असशील तर वेष्टनाच्या कचऱ्यासाठी 'लुसिड' नावाच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं, मग वर्षाला एकच डबा पाठवलास तरी. कपबश्या रंगवायचा विचार सोड. खाण्यापिण्याच्या भांड्यांच्या रंगांना वेगळे नियम आहेत. कागद आणि कापड बरं.

आता बॅगेचा विषय. तुझ्या आईनं परवाच विचारलं, "मी जाईन तेव्हा मुखवटे माझ्या सामानातून नेऊ का?" नको. विमानानं येणाऱ्याला 430 युरोंपर्यंत सूट मिळते ती स्वतःच्या वापराच्या किंवा भेट द्यायच्या वस्तूंना, विकायच्या मालाला नाही. पार्सलावर 'भेट' लिहून पाठवणं हीही तीच लबाडी. भेटीची 45 युरोंची सूट पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूला आहे. पूर्वी 22 युरोंपर्यंतच्या किरकोळ मालावर कर नसे. जुलै 2021 पासून तेही बंद झालं. बहिणीला साठीनंतर जकातीच्या टेबलासमोर उभं करणं मला मान्य नाही. इकडून माल रीतसर टपालानं जाईल. पाठवणाऱ्याला आयात-निर्यात कोड लागतो, तो ऑनलाइन मिळतो आणि शुल्क 500 रुपये आहे. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथं कागद कसे भरायचे ते मी बघतो.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे आणि ती तुला तिथं बसून दिसणार नाही. तुझा बाजार नोव्हेंबर-डिसेंबरचा, म्हणून तू गणपतीत मागणी कळवशील. तेव्हा इथं कोसळता पाऊस असतो. कागदाच्या लगद्याचा मुखवटा त्या हवेत वाळत नाही आणि रंगही धरत नाही. त्याआधी आवणी, त्यानंतर भातकापणी. दिवाळी झाली की मोखाड्याची कितीतरी घरं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. होळीपासून बोहाडा, म्हणजे मुखवटे नाचवण्याचा उत्सव, सुरू झाला की मुखवटेवाला गावाचा असतो, तुझा नाही. म्हणजे मागणी जवळजवळ वर्षभर आधी द्यायची, माल मेअखेर हातात घ्यायचा आणि पावसाआधी रवाना करायचा. यातून दुसरा मार्ग मला दिसत नाही.

पैसे मागणीबरोबर दे. विकले गेल्यावर देते, असं कुणालाही म्हणायचं नाही. ज्याच्या घरी साठवण नाही, त्याच्यावर तू तुझ्या बाजाराचा धोका टाकू नयेस. आणि आधी पैसे दिले म्हणून तो बांधला गेला असंही समजू नकोस. ती भट्टीवाल्यांच्या उचलीची रीत झाली. मोडतोड झाली तर ती तुझी.

विकायचं काय, यातही थोडा विवेक हवा. बोहाड्यात नाचवलेली, पूजलेली सोंगं मागू नकोस. कुणी द्यायला तयार झालं तरी घेऊ नकोस. शोभेसाठी वेगळे मुखवटे करतात, ते घे. वारली लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी पायपुसण्यावर किंवा टेबलाच्या चटईवर छापायची नाही. तो चौक सवाशिणी लिहितात आणि लग्न लावणारी बाई, धवलेरी, गाणं म्हणते तेव्हा लग्न लागतं. तारपा, शेतं, झाडं, पाखरं भरपूर आहेत. आपण वारली नाही, तू ही कला शाळेत शिकलीस. तेव्हा तुझ्या कार्डावर तुझं नाव आणि 'वारली शैलीत' एवढंच. शिवाय या चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. इथून आलेल्या चित्रावर मात्र काढणाऱ्याचं नाव आणि पाडा स्पष्ट लिही, अर्थात त्याला विचारून. तुझं गिऱ्हाईक अडाणी नाही. तुझ्याच ड्युसेलडॉर्फमध्ये 2003 साली कुन्स्ट पालास्ट संग्रहालयात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामाबरोबर मांडली होती. ते पाहिलेलं कुणी तुझ्या टेबलाशी येईल आणि नेमकं नाव विचारेल.

यंदा मोठ्या बाजाराच्या भानगडीत पडू नकोस. मोहल्ल्याचा किंवा शाळेचा एक दिवसाचा बाजार बघ, फक्त तुझी कार्डं मांड, आणि प्रत्येक विक्री वहीत लिही, शेजारीण का असेना. कार्डावरच्या त्या ओळीचा फोटो मला पाठव. मुखवटे पुढच्या वर्षाला हवे असतील तर संख्या आणि पैसे होळीच्या निदान महिनाभर आधी कळव. त्यानंतर मी मोखाड्याला जाऊनही कारागीर भेटायचा नाही.

तुझा,
मामा